अंगावर काढायचं की गोळी घ्यायची?

(स्त्री-आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शिबिराच्या पत्रकावर माझ्या भाषणाचा विषय 'वेदनाशामक औषधांचे धोके' असा छापलाय. तो वाचून मला वाटलं, हा विषय अर्धाच आहे. धोका कशाशी तोलायचा ते त्यात आलंच नाही. एका पारड्यात औषधाचा धोका टाकला की दुसऱ्या पारड्यात दुखणं टाकावं लागतं. आणि बाईच्या दुखण्याचं वजन आपल्याकडे कुणी नीट केलेलं नाही. 'बायकांचं काही ना काही दुखतच असतं' हे वाक्य आपण सासरी ऐकलंय, माहेरी ऐकलंय आणि दवाखान्यातही ऐकलंय. पाळीत 'कळ काढ', बाळंतपणात 'कळ काढ', कंबर गेली तरी 'कळ काढ'. 'अंगावर काढणं' हा शब्दप्रयोग मराठीत बहुधा बायकांसाठीच जन्माला आला असावा. तेव्हा मी आज दोन्ही पारड्यांबद्दल बोलणार आहे.

सगळ्या वेदनाशामकांबद्दल बोलायला बसले तर संध्याकाळ होईल. म्हणून फक्त एका कुळातल्या औषधांबद्दल सांगते. अफूच्या कुळातली औषधं. इंग्रजीत त्यांना ओपिऑइड म्हणतात. मॉर्फिन आणि कोडीन ही थेट अफूतली. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल ही कारखान्यात बनवलेली. ब्युप्रेनॉर्फिन अफूतल्याच एका द्रव्यापासून बनवतात. मेंदूत आणि मज्जारज्जूत काही ठरावीक जागा असतात, तिथे जाऊन ही औषधं बसतात आणि दुखण्याचा निरोप पुढे पोचू देत नाहीत. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही या कुळातली नव्हेत. त्यांचं काम वेगळं आणि त्यांचे धोकेही वेगळे, त्याबद्दल पुढे बोलू.

अफू म्हटलं की आपल्याला चोरटा व्यापार आठवतो. पण अफू आपल्या घरात फार जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या बाळाला अफूची बारीकशी गोळी देऊन कामावर जात. बाळागोळी म्हणत तिला. मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या बाई डॉक्टरांकडून गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करून घेतली होती. १९२२ सालच्या त्यांच्या अहवालात हे सविस्तर आलंय. बाळाला काही दुखत नव्हतं. आई दहा-अकरा तास साच्यापाशी उभी, घरी बघणारं कुणी नाही, म्हणून बाळ निजून राहायला हवं होतं. आयांना दोष देणारे तेव्हाही पुष्कळ होते. उपाय मात्र पाळणाघर आणि बाळंतपणाची रजा हा होता. रजेचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली आला. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण अफू दुखणं शमवते तशी माणसाला गप्पही करते. गोळी कुणी दिली आणि कशासाठी दिली, हे दर वेळी विचारायला हवं.

आता पहिलं पारडं घेऊ, दुखण्याचं.

मध्य प्रदेशात मंदसौर-नीमच, राजस्थानात चित्तोडगड या भागांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूर इथे सरकारचे अफूचे कारखाने आहेत. आपली अफू परदेशी औषध कंपन्यांना जाते. आणि आपल्याकडे कर्करोगाची बाई रात्रभर कण्हत असते, तिला मॉर्फिनची एक गोळी मिळत नाही. हे असं का झालं? १९८५ साली अंमली पदार्थांविरुद्धचा कायदा आला, एनडीपीएस. त्यात किमान दहा वर्षं कैदेची तरतूद होती. रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर निरनिराळ्या खात्यांचे परवाने लागत. एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. कोण डॉक्टर या भानगडीत पडेल? मॉर्फिनचा वापर घसरत घसरत १९९७ साली अख्ख्या देशात १८ किलोवर आला. ९० कोटींहून जास्त माणसं आणि १८ किलो! डॉक्टरांची एक पूर्ण पिढी मॉर्फिन कसं द्यायचं ते न शिकताच बाहेर पडली, आणि हे नुकसान परवान्यांपेक्षा मोठं आहे.

२०१४ साली कायदा बदलला. त्यासाठी केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१५ च्या नियमांनी मॉर्फिनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरवली आणि मान्यताप्राप्त दवाखान्याला राज्याच्या औषध नियंत्रकाचा एकच परवाना पुरेसा झाला. कायदा सुधारला, पण औषध गावात आलं का? २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशेब मांडला. भारतात या औषधांचा पुरवठा गरजेच्या जेमतेम ४ टक्के होता. त्याच तक्त्यात अमेरिकेचा पुरवठा गरजेच्या तीसपटीहून जास्त होता. हे दोन आकडे शेजारी शेजारी लक्षात ठेवा, पुढे लागतील.

हा बायकांचा प्रश्न कसा, असं कुणी विचारेल. गर्भाशयाच्या तोंडाचा आणि स्तनाचा कर्करोग हे आपल्याकडच्या बायकांचे दोन मोठे कर्करोग. बाई उशिरा दवाखान्यात जाते, कारण तिने ते अंगावर काढलेलं असतं. निदान होतं तेव्हा आजार पसरलेला असतो. मग 'आता काही करता येणार नाही, घरी न्या' असं सांगतात. घरी नेतात. तिथे तिच्याजवळ पॅरासिटामॉल असतं आणि देवाचं नाव असतं.

मी अशा एका बाईंच्या घरी जात होते. मांडीत आणि पाठीत असा ठणका, की त्या कुशीवर वळत नसत. शहरातल्या मोठ्या रुग्णालयातून मॉर्फिनच्या गोळ्या आणल्या होत्या, पण त्या कपाटात. मुलगा म्हणाला, "ताई, आईला व्यसन लागलं तर?" आईचे थोडेच महिने उरले होते. मुलगा दुष्ट नव्हता, रात्र रात्र तिचे पाय चेपत बसायचा. त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं एवढंच. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, पण 'दुखलं तर द्या' असं म्हणाले. इथेच सगळं चुकतं.

सिसिली सॉन्डर्स या इंग्लंडमधल्या बाई. आधी परिचारिका, मग समाजसेविका, मग या कामासाठी पुन्हा शिकून डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे मरणपंथाला लागलेल्या रुग्णांसाठीचं रुग्णालय काढलं. मॉर्फिन तोंडाने द्यायचं, घड्याळ लावून द्यायचं, दुखणं उसळण्याची वाट बघायची नाही, हा रिवाज त्यांच्या कामामुळे जगभर पसरला. साधी गोळी दर चार तासांनी. सोबत पोट साफ होण्याचं औषध सुरुवातीपासून, कारण या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतोच. पहिले काही दिवस मळमळ आणि झापड येते, ती बहुतेकींची ओसरते. डोस बाईच्या दुखण्याप्रमाणे डॉक्टर वाढवत नेतात. अशा आजारात आणि अशा देखरेखीखाली व्यसनाची भीती पुढे करून औषध रोखणं हे मी क्रौर्य समजते. शब्द कडक आहे, पण मागे घेणार नाही.

आपल्या राज्यात वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, टाटा रुग्णालयात वेदनाशमनाचा विभाग आहे. काही जिल्हा रुग्णालयांतही अशी सोय झालीय. पण कोझिकोडमध्ये १९९३ साली सुरू झालेलं काम केरळात गावागावांत पोचलं, तिथे शेजारपाजारचे लोक आठवड्याला दोन तास काढून रुग्णाकडे जातात. आपल्याकडे अजून 'पुण्या-मुंबईला न्या' हेच उत्तर आहे.

इथवर मी अफूच्या औषधांची बाजू घेतली. आता दुसरं पारडं. इथे सगळं उलटं होतं, म्हणून नीट ऐका.

कंबर, गुडघे, मान, सांधे, ओटीपोट, डोकं. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं दुखणारं. तीन महिन्यांच्या वर टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट दुखणं म्हणतात. याने बाई मरत नाही, पण जगणंही होत नाही. इथे ही औषधं द्यावीत का? अमेरिकेत हा प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर होऊन गेला, आणि तो माणसांवर झाला.

१९८० साली एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. पत्रात म्हटलं होतं, रुग्णालयात दाखल असताना ही औषधं मिळालेल्या ११ हजारांहून अधिक रुग्णांत व्यसन लागल्याच्या फक्त चार नोंदी सापडल्या. रुग्णालयात दाखल असलेले, परिचारिकेच्या हातून औषध घेणारे रुग्ण हे! घरी वर्षभर गोळ्या खाणाऱ्यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. पुढे हेच पत्र शेकडो लेखांत 'व्यसन लागत नाही' याचा पुरावा म्हणून फिरत राहिलं. २०१७ साली कुणीतरी मोजदाद केली तेव्हा सहाशेच्या वर उल्लेख निघाले. १९९६ साली पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी बाजारात आणली, आणि कंबरदुखी-सांधेदुखीला ती बिनधोक आहे असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. २००७ साली कंपनीच्या मुख्य संस्थेने आणि तीन बड्या अधिकाऱ्यांनी दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. २०२० साली कंपनीने पुन्हा गुन्हे कबूल केले. तोवर लाखो संसार उठले होते. गोळी महाग पडली, मिळेनाशी झाली, तसे लोक हेरॉइनकडे आणि मग चोरट्या फेंटानिलकडे वळले. एकट्या २०२२ सालात अमेरिकेत या कुळातल्या औषधांच्या अतिसेवनाने ८० हजारांहून जास्त माणसं गेली.

यात बायका कुठे होत्या? १९९९ ते २०१० या काळात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या वेदनाशामकांनी झालेले बायकांचे मृत्यू ४०० टक्क्यांहून अधिक वाढले, पुरुषांचे २६५ टक्क्यांनी. पुरुषांचा आकडा मोठा होता म्हणून बातमी त्यांची झाली, बायकांची वाढ कुणाच्या लक्षात आली नाही. गंमत बघा. २००१ साली डायन हॉफमन आणि अनिता टार्झियन या दोघींनी एक निबंध लिहिला, बायकांचं दुखणं डॉक्टर कसं गांभीर्याने घेत नाहीत यावर. म्हणजे त्याच देशात, त्याच काळात, बाईच्या दुखण्यावर एक तर विश्वास ठेवला जात नव्हता, नाहीतर तिच्या हातावर गोळी ठेवून तिला वाटेला लावलं जात होतं. मला हे दोन्ही एकच वाटतं. दोन्हींत तिचं म्हणणं ऐकून घेतलेलं नाही.

या कंपनीविरुद्ध उभी राहिलेली एक बाई मला आवडते. नॅन गोल्डिन, छायाचित्रकार. शस्त्रक्रियेनंतर तिला हीच गोळी दिली गेली आणि तिला व्यसन लागलं. त्यातून बाहेर आल्यावर तिने २०१७ साली एक गट काढला. कंपनीच्या मालकांचं, सॅकलर कुटुंबाचं नाव मोठमोठ्या संग्रहालयांच्या दालनांवर कोरलेलं होतं. २०१८ च्या मार्चमध्ये तिने आणि तिच्या साथींनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या त्या दालनात जाऊन तिथल्या पाण्यात औषधांच्या बाटल्या फेकल्या आणि जमिनीवर मेल्यासारखे पडून राहिले. २०२१ च्या डिसेंबरात संग्रहालयाने ते नाव उतरवलं. आपण घेराव घालतो तशीच ही गोष्ट.

बरं, धोका एवढा, तर निदान गुण तरी येतो का? २०१८ साली अमेरिकेतच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखी आणि गुडघे-खुब्याची झीज असलेल्या २४० जणांचे दोन गट केले. एका गटाला अफूच्या कुळातली औषधं, दुसऱ्याला बाकीची साधी वेदनाशामकं. वर्षभराने पाहिलं तर कामधंदा करण्याच्या ताकदीत फरक नव्हता, आणि दुखणं उलट साध्या औषधांच्या गटात किंचित कमी होतं. अफूच्या गटात त्रास जास्त. (त्या अभ्यासातही बायका फार थोड्या होत्या, हे सांगून ठेवते.) २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली, तीत ही औषधं सर्रास देऊ नयेत असं म्हटलंय.

असं का होतं ते समजून घेऊ, म्हणजे 'घाबरा' एवढंच सांगितल्यासारखं होणार नाही. आपण 'सवय लागली' असं सरसकट म्हणतो. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक, शरीर औषधाला सरावतं. कालच्या गोळीने आज तेवढा गुण येत नाही, मग दोन लागतात. दुसरी, शरीर औषधावर अवलंबून राहतं. एकदम बंद केलं की घाम, जुलाब, अंग मोडून येणं, झोप उडणं, जीव कासावीस होणं. हे रोज काही आठवडे घेणाऱ्या कुणालाही होऊ शकतं, त्यात तिचा काही दोष नाही. आणि तिसरी, व्यसन. दुखणं नसलं तरी औषध हवंसं वाटणं, त्यापायी घर, काम, मुलं मागे पडणं. पहिल्या दोन गोष्टी पुष्कळांना होतात, तिसरी त्यातल्या काहींनाच. बाईला मात्र दुसरी झाली तरी तिसरीचा शिक्का बसतो. शिवाय बरेच दिवस घेतल्यावर काहींचं शरीर दुखण्याला उलट जास्त हळवं होतं. गोळी दुखणं वाढवते आणि बाई दुखणं वाढलं म्हणून आणखी गोळी घेते.

बायकांसाठी आणखी काही. दीर्घकाळ घेतलं तर पाळी अनियमित होते, कधी थांबते. गरोदरपणी सतत घेतलं तर जन्मलेल्या बाळाला औषध तुटल्याचा त्रास होतो. ते बाळ सारखं रडतं, थरथरतं, दूध ओढत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने कोडीन आणि ट्रॅमाडॉल घेऊ नये, काही जणींच्या दुधातून ते बाळाला जास्त प्रमाणात जातं आणि बाळाचा श्वास मंदावू शकतो. वयस्कर बाईला झापड येऊन ती पडते आणि खुबा मोडतो. झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांच्यासोबत तर हे औषध श्वासच थांबवू शकतं. ट्रॅमाडॉलने काहींना फिट येते, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ते घातक ठरतं. किती बायकांना एका डॉक्टरकडून झोपेची गोळी आणि दुसऱ्याकडून कंबरेची गोळी मिळते, ते तुम्ही वस्त्यांत काम करणाऱ्यांनी मोजून बघा.

'ट्रॅमाडॉल आमच्याकडे कोण घेतं?' असं वाटत असेल तर पाकीट बघा. ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्या गुडघेदुखीला सर्रास लिहून दिल्या जातात. बाईला वाटतं, तापाचीच जरा जोरदार गोळी. पाकिटावर लाल चौकट असते, तीत डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय घेणं धोक्याचं आहे असं छापलेलं असतं. इंग्रजीत! हे औषध विकल्याची नोंद मेडिकलवाल्याने वहीत ठेवायची असते, २०१४ पासून तसा नियम आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये ट्रॅमाडॉल एनडीपीएस कायद्याखाली आलं.

त्यानंतर काय झालं? आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या एक बाई यायच्या. तीन वर्षं रोज दोन गोळ्या घेऊन चार घरची कामं करत होत्या. गोळी कुणी सुरू केली ते त्यांना आठवत नव्हतं, जुनी मळकी चिठ्ठी दाखवली की मिळायची. एक दिवस दुकानदाराने 'आता कायदा कडक झालाय' म्हणून हात वर केले. दोन दिवसांत जुलाब, घाम, रात्रभर येरझाऱ्या. घरचे म्हणाले, कामाचा कंटाळा आलाय. त्यांना स्वतःला वाटलं, बाहेरचं काहीतरी लागलं. त्यांना वाईट चाळा नव्हता, चोरी नव्हती, काही नव्हतं. शरीर अवलंबून राहिलं होतं. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवत काही महिन्यांत गोळी बंद केली. अमेरिकेतही हेच घडलं. २०१६ सालच्या निर्बंधांनंतर डॉक्टरांनी घाबरून रुग्णांच्या गोळ्या एकदम तोडल्या, माणसं तळमळली, काहींनी जीव दिला. २०१९ साली तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला की एकाएकी बंद करू नका. म्हणून आज इथून घरी जाऊन कुणीही कुणाची गोळी तोडायची नाही, आपलीसुद्धा नाही.

आणि आपल्याकडच्या कंपन्या फार निराळ्या आहेत असं समजू नका. २०२५ च्या फेब्रुवारीत बीबीसीने उघड केलं की मुंबईतली एक कंपनी टॅपेंटाडॉल आणि स्नायू सैल करणारं एक औषध एकत्र करून पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. तिथल्या पोरांना त्याची लत लागली. बातमी आल्यावर सरकारने या मिश्रणाची परवानगी काढून घेतली.

आता तुम्ही विचाराल, मग जुनाट दुखण्याच्या बाईने करायचं काय? परत अंगावर काढायचं? मुळीच नाही. पण साधी वेदनाशामकंही निर्धोक नाहीत. डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेन उपाशीपोटी महिनोन् महिने घेतली तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. दर आठवड्याला 'दुखण्याचं इंजेक्शन' घेणाऱ्या बायका आपण बघतो. नसांच्या दुखण्याला नैराश्यावरच्या काही औषधांचा लहान डोस उपयोगी पडतो, संधिवाताला संधिवाताचंच औषध लागतं, पाळीत जीवघेणं दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिस आहे का ते बघायला हवं. व्यायामाने कंबरेला आणि गुडघ्यांना खरोखर गुण येतो. फक्त बाईला तो करायला अर्धा तास कोण देणार? दुखणं शून्यावर येईल असं मी सांगणार नाही. ते निम्म्यावर आलं, रात्री झोप लागली, तरी पुष्कळ असतं.

आणि कारण बघायला हवं. वाकून ऊस तोडणाऱ्या, मोळी डोक्यावर वाहणाऱ्या बाईची कंबर दुखते, त्यावर गोळी हे उत्तर कसं? २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. ओटीपोटात दुखतं, पाळीत खाडा पडतो, तर पिशवीच काढा! ती काढल्यावरही ज्यांची कंबर दुखतच राहिली, त्या पुढे वेदनाशामकांकडे वळतात. बाळागोळी देणाऱ्या गिरणीतल्या आईची आठवण मला इथे येते. आणि नवऱ्याच्या माराने दुखणारी पाठ डॉक्टरांपुढे 'कंबर दुखते' होऊन येते, ते तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

जुनाट आजारात ही औषधं कधीच देऊ नयेत, असा मात्र अर्थ काढू नका. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागांतल्या कार्यकर्त्या इथे असतील, त्यांनी सिकलसेलचं दुखणं पाहिलंय. तो झटका आला की हाडं पिळवटतात. तेव्हा रुग्णालयात काही दिवस मॉर्फिनच लागतं, आणि ते मागणाऱ्या आदिवासी मुलीला 'नाटक करते' म्हणणं हा अन्याय आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, भाजल्यावर, हाड मोडल्यावर थोडे दिवस हे औषध लागतं. वर्षानुवर्षांच्या दुखण्यातही क्वचित एखादीला दुसरं काहीच लागू पडत नाही. तिने घ्यावं, पण माहिती घेऊन, ठरलेल्या मुदतीने, एकाच डॉक्टरांच्या नजरेखाली. तोलायचं तिने आहे. आपल्याला तराजू तिच्या हातात द्यायचा आहे.

म्हणून डॉक्टरांना विचारायला शिकू या. ही गोळी अफूच्या कुळातली आहे का? किती दिवस घ्यायची? कधी बंद करायची आणि कशी? माझ्या दुसऱ्या गोळ्यांबरोबर चालेल का? गुण आला हे कशावरून समजायचं, मला जिना चढता आला यावरून की नुसतं गप्प पडून राहता आलं यावरून? डॉक्टर चिडतील. चिडू देत. आणि गोळीत अडकलेली बाई भेटली तर तिला लाज वाटेल असं बोलू नका. व्यसनमुक्ती केंद्रं बहुतेक पुरुषांचीच असतात, बाईला तिथे जायची सोय नसते. पुण्याच्या मुक्तांगणने बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग काढलाय, असे प्रत्येक विभागात हवेत.

एक काम मात्र आजच वाटून घेऊ. आपापल्या जिल्हा रुग्णालयात जायचं आणि लेखी विचारायचं: इथे मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का, मान्यता घेतली आहे का, ते लिहून देणारे प्रशिक्षित डॉक्टर कोण? 'नाही' असं उत्तर आलं तर तेही लेखीच घ्यायचं. पुढच्या बैठकीत सगळ्या जिल्ह्यांची उत्तरं एकत्र ठेवू आणि आरोग्य खात्याकडे जाऊ.

मी इथे थांबते. जेवणाच्या सुट्टीआधी वीस मिनिटं आहेत. ज्यांच्या पिशवीत, पर्समध्ये रोजच्या गोळ्यांची पाकिटं असतील त्यांनी ती बाहेर काढा. चष्मा असलेल्यांनी नसलेल्यांच्या शेजारी बसा. आपण नावं वाचू.